निम्म्यावर आलेली हवा

दुपारच्या बातम्यांत निवेदिका हसून म्हणाली की राजधानीच्या हवेतला काळा कार्बन निम्म्यावर आला आहे, घरात बसून सहकार्य केल्याबद्दल सर्व नागरिकांचं अभिनंदन, आणि खांदसुरेनच्या, सगळ्यांच्या खांदाच्या, हातातला डाव चहाच्या कढईवर तसाच अधांतरी राहिला. आकडा तिचा होता. सोमवारी तिनेच तो यंत्रातून उतरवून घेतला होता, तिनेच टाइप करून वर पाठवला होता, आणि त्याच्या खाली दुसराही एक आकडा पाठवला होता. तो दुसरा आता सांगतील, मग सांगतील म्हणून ती वाट बघत राहिली. पडद्यावर चौकावरचं आभाळ आलं, निळंशार, नुकत्याच विसळलेल्या काचेच्या बशीसारखं. मग दुधाच्या पावडरीची जाहिरात लागली. गेरच्या, म्हणजे त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूघराच्या, छतातल्या झरोक्यातून वर पाहिलं तर तिथेही आभाळच होतं, फक्त त्याचा रंग भांडी पुसायच्या फडक्याचा होता. पलंगावर नमद्याच्या भिंतीला टेकून बसलेले तिचे वडील, कोळशाच्या खाणीत जन्म काढलेले म्हातारे लुव्सान, एवढा वेळ डोळे मिटून ऐकत होते. "निम्म्यावर?" ते म्हणाले. "मग उरलेला निम्मा आपल्याकडे पाठवून दिला वाटतं पोस्टाने." आणि हसले. हसण्याचा बघता बघता खोकला झाला, खोकल्याने त्यांना पुढे वाकवलं, आणि खांदाने डाव टाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हसू नका ना बाबा." "मी कुठे हसतोय," ते धापा टाकत म्हणाले, "छाती हसतेय."

राग तिला सहजासहजी येत नसे. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने तो वेळोवेळी गिळायलाच शिकून घेतलं होतं, कोळशाच्या रांगेत, दवाखान्याच्या खिडकीशी, नवरा दक्षिणेतल्या खाणीवर कामाला गेला आणि तिकडचाच झाला तेव्हा. पण आज तो गिळला जाईना. कशाचा राग होता हेही धड कळेना. आकडा खोटा नव्हता. खोटा असता तर बरं झालं असतं, खोट्याशी भांडता येतं. भांडणार कशाशी, तर त्या अभिनंदनाशी. कोणाचं अभिनंदन? तिने आजूबाजूला पाहिलं. पत्र्याची शेगडी सकाळपासून धगधगत होती, विझवायची सोय नव्हती, बाहेर उणे अठ्ठावीस होतं आणि साथीमुळे संचारबंदी असल्याने कुणाला कुठे जायचं नव्हतं. टेकडीच्या उतारावर कुंपणाला कुंपण लागून हजारो गेर, प्रत्येकातून एकेक धुराडं वर आलेलं, आणि त्या सगळ्यांखाली माणसं दिवसभर आत बसलेली. सरकारने सांगितलं घरात बसा, ती बसली. घरात बसायचं तर घर गरम ठेवावं लागतं. एवढं साधं गणित अभिनंदन करणाऱ्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं का?

तिचं काम तसं बिनडोक होतं असं तिला स्वतःलाच वाटे. शहरात दोन यंत्रं तिच्याकडे होती. एक खाली मध्यवस्तीत, हमरस्त्याला लागून असलेल्या कार्यालयाच्या गच्चीवर. दुसरं वर, तिच्याच वस्तीतल्या शाळेच्या छपरावर. यंत्र बाहेरची हवा ओढून घेतं आणि एका पांढऱ्या फितीतून गाळतं. फितीवर काजळीचा गोल डाग पडत जातो. डाग पुरता काळा झाला की फीत पुढे सरकते आणि नवा डाग सुरू होतो. डाग सगळीकडचे सारखेच काळे. फरक असतो तो वेळेचा. खाली पूर्वी एक डाग भरायला दोन तास लागायचे, गाड्या बंद झाल्यापासून चार-पाच तास लागू लागले. फीत जागच्या जागी आळसावल्यासारखी पडून असायची. वर मात्र पहाटे आणि संध्याकाळी वीस वीस मिनिटांत डाग भरे, हे दरवर्षीचंच; पण दरवर्षी दुपारी त्या फितीलाही विसावा मिळे. माणसं कामावर गेलेली, पोरं शाळेत, शेगड्या राख पांघरून पडलेल्या. या हिवाळ्यात ती दुपार नाहीशी झाली होती. अकरा वाजता वीस मिनिटं, दोन वाजता वीस मिनिटं. पंधरा दिवस पुरणारं रीळ बारा दिवसांत संपलं तेव्हा भांडारातला कारकून फोनवर म्हणाला होता, "ताई, फिती खाता की काय तुम्ही?" आणि तीही तेव्हा हसली होती.

मंगळवारी शागदरकाका गाडी घेऊन आले. कार्यालयाचे हे जुने चालक, साठीच्या पुढचे, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्यांच्या काचेला चिकटवलेल्या परवान्यावर लिहिलं होतं, एक चालक, एक तंत्रज्ञ. टेकडी उतरताना धुराचा थर एका ठिकाणी संपला, अक्षरशः संपला, पाण्यातून डोकं बाहेर काढावं तसा, आणि समोर रिकामा रस्ता, रिकामे थांबे आणि दक्षिणेला तो मोठा डोंगर, त्याच्यावरचं एकेक झाड मोजून घ्यावं इतका जवळ. "पोरी, असा डोंगर मी लहानपणी बघितला होता," शागदरकाका म्हणाले, आणि गाडी उगाचच हळू केली. खांदानेही पाहिला. तिला तो आवडला, आणि आवडला म्हणून ती स्वतःवर चिडली. नाकातून आत गेलेली हवा गार होती आणि तिला कसलाही वास नव्हता. दहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत अशी हवा कुठे होती? गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात ती कळवळत याच रस्त्याने खाली आली होती आणि गाड्यांच्या दिव्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. बाळ गेलं, आणि डॉक्टरीण कागदावर लिहिता लिहिताच म्हणाली, होतं असं हिवाळ्यात, वसंतात पुन्हा बघा. त्या खोलीत अकरा खाटा होत्या आणि अकराही भरलेल्या, सगळ्या भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. फरशी पुसणारी म्हातारी आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "जुलैत यावं इथं. माणूस नसतं. मी खाटांवर कपडे वाळत घालते." डॉक्टरीण काय म्हणाली ते खांदा कधीच विसरून गेली असती, त्या म्हातारीचं वाक्य मात्र तिच्या अंगात राहिलं. जुलैत रिकाम्या आणि जानेवारीत भरलेल्या खाटा, म्हणजे कुणीतरी मोजायला हवं होतं. चामड्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेची नोकरी सोडून ती हवा मोजायला आली ती त्या वसंतात. मोजलं की कळेल, कळलं की कुणीतरी काहीतरी करील, असं तेव्हा तिला खरोखरच वाटलं होतं. एवढा भाबडेपणा तिने कुठून आणला होता कोण जाणे.

दाशन्याम कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसला होता. दोघं एका वर्गातली. आता तो विभागाचा प्रमुख होता आणि चारचौघांत ती त्याला साहेब म्हणे. खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळांना आवर घालायची सोय नव्हती म्हणून त्याने खिडकी किलकिली करून ठेवली होती. ऊब जास्त झाली म्हणून हा माणूस खिडकी उघडतो, तिच्या मनात आलं, आणि तिने दार लावून घेतलं. 

"दुसरा आकडा कुठे गेला?"

"आधी बस तरी."

"कुठे गेला ते सांग."

"खांदा, शाळेवरचं यंत्र अधिकृत यादीत नाही. ते तात्पुरतं आहे."

"सात वर्षं तात्पुरतं?"

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. थकलेला दिसत होता. "तुला वाटतं मी लपवतोय. अगं, मी वाचवतोय तुम्हाला. जरा विचार कर. गाड्या बंद, कारखाने बंद, बाजार बंद. तरी वर धूर आहेच, उलट वाढलाय. उद्या पेपरवाले विचारतील, मग हा धूर कोणाचा? उत्तर काय देशील? तुझ्या बाबांचा? तुझ्या शेजारणीचा? एवढी वर्षं तुम्ही लोक गाड्यांकडे बोट दाखवत होतात, आता बोट दाखवायला रस्त्यावर गाडीच नाही."

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. क्षणभर तिला पायरी चुकल्यासारखं झालं. मग तिने खिडकीकडे पाहिलं. पश्चिमेला वीज केंद्राची धुराडी शांतपणे पांढरी वाफ सोडत होती. "तुझ्या या नळात ऊब कुठून येते, दाशन्याम?"

"कुठून म्हणजे? केंद्रातून."

"तिथे काय जाळतात? लोणी? तुझाही कोळसाच जळतो रे बाबा. फक्त तुझ्या नाकापासून पाच मैलांवर, मोठ्या भट्टीत, नीट जळतो. आमचा उशाशी जळतो. आम्हालाही हा नळ द्या म्हणून तीस वर्षं मागतोय, आणि तू म्हणतोस धूर कोणाचा."

"हे मला ठाऊक नाही का?" तो हळूच म्हणाला. "पण ते आकड्यात येत नाही ना."

गुरुवारी पत्रकारांसाठी ऑनलाइन बैठक होती. खांदाने फक्त यंत्र दाखवायचं होतं, बोलणार दाशन्याम. तिने यंत्र दाखवलं, आणि मग खिशातून फितीचे दोन तुकडे काढून कॅमेऱ्यापुढे धरले. हा खालचा, एक दिवस, पाच डाग. हा वरचा, एक दिवस, बासष्ट डाग. शहराची हवा निम्म्यावर आली नाही, खालची आली. वरची सव्वापट झाली. कारण हुकूम पाळून सहा-सहा माणसं एका गेरात दिवसरात्र बसली आहेत आणि त्यांना जाळायला दुसरं काही दिलेलं नाही. दाशन्यामने तिला थांबवलं नाही, हे तिने नंतर आठवून पाहिलं. संध्याकाळी बातम्यांत तिच्या बोलण्यातली नऊ सेकंदं दाखवली. वरचा, बासष्ट डाग, सव्वापट. 'कारण' या शब्दाआधीच तिचं तोंड बंद झालं होतं. खाली पट्टी सरकत होती, गेर वस्तीच करते शहर काळं. लुव्सानांनी टीव्ही बंद केला. त्यांनी काहीतरी टोमणा मारावा असं तिला फार वाटलं.

शनिवारी सकाळी तपासणी पथक वस्तीत आलं. कच्चा कोळसा जाळायला दोन वर्षांपासून बंदी होती, दाबलेल्या कोळशाच्या सरकारी वड्याच जाळायच्या. पण महिन्याचा वाटा ठरलेला, दिवसभर शेगडी चालली की तो पंधरा दिवसांत संपे, आणि मग माणसं जुनी दडवलेली पोती उघडत. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, पथकालाही माहीत असणार. यापूर्वी कुणी बघायला आलं नव्हतं. शेजारच्या बुजमावहिनींच्या अंगणातून त्यांनी तीन पोती उचलून नेली. बुजमावहिनी कुंपणाच्या फळीवरून डोकं काढून उभ्या होत्या, डोक्याला रुमालसुद्धा नाही. "काय गं खांदा," त्या मोठ्याने म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जावं म्हणून, "आमचा धूर मोजलास म्हणे! आता थंडी पण मोजून जा. ये, आत ये, घेऊन ये तुझं यंत्र."

खांदा आत गेली. वहिनींच्या दोन मुली, एक म्हातारी सासू, आणि पलंगावर तीन पांघरुणांखाली सून नोमुंदारी, बावीस वर्षांची, सातवा महिना लागलेला. तिचा नवरा नोव्हेंबरात दक्षिणेच्या खाणीवर गेला तो रस्ते बंद झाल्याने तिकडेच अडकला होता. शेगडी विझत आली होती, आणि विझत्या शेगडीचा धूर जळत्यापेक्षा वाईट, पिवळट, घशाला नखं लावणारा. नोमुंदारी तोंडावर हात धरून खोकत होती. दुसरा हात पोटावर होता, खोकल्याने ते हलू नये म्हणून धरल्यासारखा. "खांदाताई," ती ओशाळून म्हणाली, जणू खोकला ही तिचीच चूक, "दोन दिवस झाले, आत फारसं हलत नाहीये. थंडीमुळे असेल ना?" खांदाला त्या अकरा खाटा दिसल्या. दाशन्यामचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट दिसला, किलकिली खिडकी दिसली. होतं असं हिवाळ्यात. कोण म्हणालं असं, कोणत्या तोंडाने म्हणालं, आणि आपण तेव्हा मान डोलावून घरी का आलो? इतकी वर्षं आत कुठेतरी गोठून पडलेला तो संताप आता एकदम वितळून तिच्या हातापायांत उतरला, आणि गंमत म्हणजे तिचे हात अगदी स्थिर झाले. "बूट घाल," ती म्हणाली. "वहिनी, हिचा जाड कोट कुठे आहे?" "कुठे नेतेस तिला? बंदी आहे!" "जिथली हवा निम्म्यावर आलीय तिथे." मग तिने आपल्या घरातल्या उरलेल्या वड्यांचं पोतं ओढत आणून बुजमावहिनींच्या शेगडीपाशी टाकलं. मागून लुव्सान दारात काठीवर उभे होते. "घेऊन जा ते पण," ते ओरडले, "माझ्या छातीत खाणीतला कोळसा पुरेसा शिल्लक आहे!"

शागदरकाका काही न विचारता आले. नाक्यावर पोलिसाने काचेवरचा कागद वाचला आणि मागच्या सीटकडे बोट केलं. "एक चालक, एक तंत्रज्ञ. ही कोण?" "हवेचा नमुना आहे," खांदा म्हणाली, "वस्तीतून खाली न्यायचाय तपासायला." पोलिसाने वाकून आत पाहिलं. नोमुंदारीने त्याच्याकडे पाहून कसनुसं हसण्याचा प्रयत्न केला आणि तिला खोकला आला. त्याने मास्क वर ओढला, मागे सरला आणि हात हलवला. 

आधी ती दवाखान्यात गेली. तिथे तासाभराने यंत्रातून बाळाचं हृदय ऐकू आलं, घाईघाईने चाललेलं, आणि नोमुंदारी रडली. डॉक्टर तरुण होता, बरा होता, म्हणाला, "ठीक आहे आत्ता, पण खाट देता येणार नाही, सगळ्या साथीसाठी राखल्यात. घरी न्या, उबेत ठेवा, धुरात ठेवू नका." उबेत ठेवा आणि धुरात ठेवू नका. हे वाक्य बोलायला माणसाचा जन्म नळाच्या बाजूला व्हावा लागतो. तिथून तिने सरळ दाशन्यामच्या घराची घंटा वाजवली, चौथा मजला, आणि दार उघडल्यावर नोमुंदारीला खांद्याला धरून पुढे केलं.

"हे काय आहे?" दाशन्याम म्हणाला. मागे त्याची बायको आणि तिच्या हातात अर्धी सोललेली गाजरं.

"तू म्हणालास ना, आकड्यात येत नाही. म्हणून घेऊन आले. दोन श्वास आहेत हे. बोलव टीव्हीवाल्यांना आणि विचार, धूर हिचा का?"

"खांदा, नियम आहेत. घरात आई आहे माझी, म्हातारी. साथ चालू आहे. तू मला अशी..."

"हो. मी तुला अशीच." तिचा आवाज जिन्यात घुमला आणि खालचं एक दार उघडलं गेलं. "तुझ्या घरात ऊब इतकी की खिडकी उघडावी लागते. ती खिडकी लाव आणि हिला आत घे. नाही घेतलीस तर नाही म्हण, पण तोंडाने म्हण, हिच्या तोंडाकडे बघून म्हण. यादीतून गाळू नकोस."

नोमुंदारी शरमेने जमिनीत जायचीच बाकी होती. "ताई, चला ना, जाऊ आपण," ती पुटपुटली. दाशन्याम तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडातून नाही निघत नव्हतं, आणि हो पण निघत नव्हतं. शेवटी त्याची बायकोच पुढे आली, गाजरं तशीच एका हातात धरून. "बूट इथे काढ गं," ती मुलीला म्हणाली, "आणि मास्क असू दे. मागची खोली रिकामी आहे." मग खांदाकडे न बघता म्हणाली, "किती दिवस?" "हिवाळा आहे तोवर," खांदा म्हणाली. दार लागताना दाशन्यामने तिला हाक मारल्यासारखं वाटलं, पण ती जिना उतरू लागली होती. तिला विजयाबिजयासारखं काही वाटत नव्हतं. मागच्या खोल्या किती असतील या शहरात? आणि तिने ज्या घंटा वाजवल्या नव्हत्या त्या?

नोमुंदारी तिथे एकवीस मार्चपर्यंत राहिली आणि तिला मुलगी झाली, अडीच किलोची. पुढे वर्षभर बुजमावहिनी खांदाशी धड बोलल्या नाहीत. पोती गेली ती गेलीच. पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी शागदरकाकांनी तिला शाळेपाशी सोडलं तेव्हा तीन वाजले होते आणि गाडीचे दिवे लावावे लागले होते. रीळ संपत आलं असणार म्हणून ती शिडीने छपरावर चढली. घसा जळत होता. खाली वस्तीत सगळी धुराडी चालू होती, बुजमावहिनींचंही. तिने फीत बदलली, दिवसाचे डाग मोजले, पुन्हा मोजले. यंत्रापाशी एक नोंदवही दोरीने बांधलेली असते. तिच्या शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा, आणि तिथे ती वर्षानुवर्षं 'काही नाही' असं लिहीत आली होती. गारठलेल्या बोटांनी पेन चालेना म्हणून तिने ते तोंडात धरून गरम केलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आज वस्तीतून एक गरोदर बाई कमी झाली. आकड्यात फरक नाही.'